उंच चालक आणि जुनी एमजीबी : गाडी न कापता मिळवलेली जागा

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये उंच माणूस बसू शकतो की नाही, याचा अंदाज बहुतेक लोक पायांच्या लांबीवरून बांधतात. माझा अनुभव वेगळा आहे. पायांना जागा करून देणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग असतो. खरी अडचण असते ती कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीची आणि मांडी व स्टीअरिंग यांच्यामधल्या फटीची. माझी उंची ६ फूट ३ इंच आहे आणि माझ्याकडे १९७१ची, दोन आसनांची, कापडी टपाची एमजीबी आहे. ती मला मामांकडून मिळाली. मामा साडेपाच फुटांचे. त्यांनी ती नागपुरात अनेक वर्षे आनंदाने चालवली आणि बसण्याच्या जागेत काही बदल करावा असे त्यांना कधी वाटले नाही. मला मात्र टप चढवलेला असताना मान तिरकी धरावी लागे, आणि टप उतरवला की समोरच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येई.

एमजीबी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२पासून १९८०पर्यंत बाहेर पडत होती आणि पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिच्या आधीच्या एमजीए या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ९४ इंच होते, एमजीबीत ते ९१ इंचांवर आले. तरीही आतली जागा वाढली, कारण एमजीएची वेगळी चॅसी जाऊन एमजीबीत बॉडी आणि चॅसी एकसंध झाली. सिड एनेव्हर आणि डॉन हेटर या दोघांच्या आराखड्यातली ही करामत मला आजही थक्क करते. सीट पूर्ण मागे सरकवली की माझे पाय या गाडीत व्यवस्थित लांब होतात. त्याच कारखान्याच्या मिजेटमध्ये मी एकदा बसून पाहिले होते; तिथे गुडघे आणि स्टीअरिंग यांची जी झटापट होते, तिच्यापुढे एमजीबी म्हणजे दिवाणखानाच म्हणायला हवा.

"त्या काळची माणसे ठेंगणी होती, म्हणून गाड्याही तशाच" हे वाक्य मला फार वेळा ऐकावे लागते आणि ते मला पटत नाही. उंच चालकांचा प्रश्न खुद्द गाड्या बनवणाऱ्यांपुढेही होता. जग्वार ई-टाइपच्या १९६१मधल्या पहिल्या गाड्यांचा तळ सपाट होता. उंच लोकांना त्यात नीट बसता येईना म्हणून १९६२च्या सुरुवातीपासून पाय ठेवण्याच्या जागी तळ खोलगट करण्यात आला. फोर्डच्या जीटी४० या शर्यतीच्या गाडीचे तर नावच तिच्या ४० इंच उंचीवरून पडले. १९६७च्या, फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी डॅन गर्नी या सहा फुटांहून बराच उंच असलेल्या चालकाचे हेल्मेट आत मावेना, तेव्हा छतालाच फुगवटा काढण्यात आला आणि त्याच गाडीने गर्नी आणि ए. जे. फॉइट ती शर्यत जिंकले. म्हणजे उपाय पहिल्यापासून दोनच आहेत, तळ खाली नेणे किंवा छत वर नेणे, आणि कारखान्याला हे दोन्ही करता येते. माझ्यासारख्या मालकाने मात्र यातले काहीही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे एक कारण कायद्याचे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या गाडीला त्यानुसार 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असे बदल करण्यास मनाई आहेच. माझी गाडी मला पुढे या मालिकेत नोंदवायची आहे. पण कायदा नसता तरी मी तळ कापला नसता. एमजीबीचा तळ हाच तिचा कणा आहे. दारांखालचा उंबरा, दोन सीटांमधला गिअरबॉक्सवरचा बोगदा आणि सीटखालचा आडवा तुळईवजा भाग मिळून गाडीचा सगळा ताण पेलतात. उघड्या टपाच्या गाडीत वरून आधार देणारे छत नसल्यामुळे हा भाग तर अधिकच मोलाचा. म्हणून मी नियम घालून घेतला की जे काही करायचे ते पान्याने उलटे करता आले पाहिजे.

मोजमाप मी गाडीआधी स्वतःचे घेतले, आणि हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तसेच करावे. भिंतीला पाठ आणि कंबर चिकटवून जमिनीवर ताठ बसावे, डोक्यावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर खूण करावी आणि जमिनीपासून तिथपर्यंतचे अंतर मोजावे. ही बैठी उंची माझ्या बाबतीत ९९ सेंटिमीटर भरली. माझा एक मित्र माझ्याहून दोन इंचांनी बुटका आहे, पण त्याचे धड लांब असल्यामुळे त्याची बैठी उंची माझ्याइतकीच निघाली आणि एमजीबीत त्याचे डोकेही टपाला माझ्यासारखेच टेकले. उभ्या उंचीवरून गाडी पसंत किंवा नापसंत करणे किती फसवे आहे, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसले. त्यानंतर मी बसलेला असताना पत्नीने तीन अंतरे मोजली : डोळ्यांच्या रेषेपासून काचेच्या वरच्या पट्टीपर्यंतचे, मांडीपासून स्टीअरिंगच्या खालच्या कडेपर्यंतचे आणि उजव्या गुडघ्यापासून दारावरच्या काच फिरवायच्या मुठीपर्यंतचे. पहिले अंतर शून्य होते, दुसऱ्यात जेमतेम बोट शिरत होते आणि तिसऱ्यात गुडघा मुठीला लागतच होता. टपाखाली डोक्याला किती जागा आहे, ते स्वतंत्र मोजण्याचे कारणच नव्हते.

सुरुवात गादीपासून करायची, हे मी आधीच ठरवले होते. मामांनी अखेरच्या वर्षांत सीटचे रेक्झिन आणि फोम नवे करून घेतले होते आणि नेमके तेच माझ्या मुळावर आले होते. एमजीबीच्या बाबतीत हा अनुभव जगभरच्या मालकांना येतो : जुना दबलेला फोम काढून तयार साच्यातला नवा फोम बसवला की तो लवकर बसत नाही आणि चालक चांगला इंचभर वर उचलला जातो. सीटच्या सांगाड्यावर आकड्यांनी ताणलेला रबरी पडदा असतो आणि त्यावर फोम. पडदा नवा आणि कडक असला की उंचीत आणखी भर पडते.

गांधीबागेच्या बाजूला एक वयस्क कुशनवाले आहेत, ज्यांनी अॅम्बॅसेडर आणि फियाटच्या जमान्यापासून सीट शिवल्या आहेत. सीट काढून त्यांच्याकडे नेली आणि दोन इंच फोम काढून टाका, असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मला दुकानातल्या बाकावर बसवले, मांडीखाली हात घालून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, सगळीकडून कापून काय फायदा? तुम्ही खाली जाऊन राहिले, पण गुडघे तर वर येऊन राहिले ना! मांडीचा फोम राहू द्या, बुडाखालचाच काढतो." या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. माणसाचे वजन बैठकीच्या दोन हाडांवर पडते. डोक्याची उंची तिथे ठरते. सीटच्या पुढच्या भागाचा संबंध मांडीच्या आधाराशी असतो, आणि लांब पायांच्या माणसाला हा आधार इतरांपेक्षा अधिक लागतो, कारण तो नसला की मांडीचा सारा भार टाचेवर आणि पिंढरीवर येतो.

त्यांनी रेक्झिन पाइपिंगपासून उसवले, फोमवर मला बसवून खडूने दोन हाडांच्या जागा आखल्या आणि हेक्सा ब्लेडने तिथे उथळ वाटीसारखा खड्डा कोरला, कडा मात्र हळूहळू उतरत्या ठेवल्या. खड्ड्याच्या तळाशी त्यांनी चाळीस डेन्सिटीच्या फोमचा पातळ थर सोल्युशनने चिकटवला, कारण मऊ फोम तसाच ठेवला असता तर प्रत्येक गतिरोधकावर हाडे थेट रबरी पडद्याला लागली असती. पडदाही त्यांनी बदलला नाही. फक्त मागच्या बाजूचे आकडे जरा सैल जागी अडकवले. वरून पाहिले तर सीट पूर्वी होती तशीच दिसते, शिवणीच्या रेघाही त्याच आहेत. एवढ्या कामाने मी सव्वा इंच खाली आलो.

दुसरा टप्पा मला सर्वांत अधिक आवडला. एमजीबीच्या सीटच्या रेल थेट तळावर बसवलेल्या नसतात. रेल आणि तळ यांच्या मध्ये लाकडी पट्ट्या असतात आणि बोल्ट त्यांच्यातून आरपार जाऊन तळातल्या पक्क्या नटांमध्ये बसतात. सीट पूर्ण मागे सरकवली की पुढचे बोल्ट दिसतात आणि पूर्ण पुढे घेतली की मागचे. गाडीचा तळ न कापता सीट खाली आणण्याची सोय कारखान्यानेच ठेवून दिली आहे, असे या पट्ट्यांकडे पाहून वाटते. काही जण त्या काढूनच टाकतात. तसे केल्यास रेलची सरकण्याची यंत्रणा कार्पेटवर घासते आणि सीट मध्येच अडकते, म्हणून मी पट्ट्या ठेवल्या, पण नव्या आणि पातळ.

नागपुरात लाकडासाठी दूर जावे लागत नाही. लकडगंजमध्ये आजही सागवानाचे व्यापारी आहेत आणि चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या जंगलातला सी. पी. टीक या नावाने ओळखला जाणारा साग तिथे मिळतो. मूळ पट्ट्या सुमारे अर्ध्या इंचाच्या होत्या आणि पावसाचे पाणी मुरून एका टोकाला मऊ पडल्या होत्या. त्यांच्या मापाने मी नव्या पट्ट्या रंधून घेतल्या, फक्त त्या उतरत्या केल्या : पुढच्या टोकाला जाडी जवळजवळ मूळचीच आणि मागच्या टोकाला पाव इंचाहूनही कमी. त्यामुळे सीट नुसती खाली न येता किंचित मागे कलली. पाठ कलल्यामुळे डोके आणखी खाली आणि मागे गेले, मांडीला पुढून आधार मिळाला आणि उतारावर सीटवरून पुढे घसरण्याची भावना नाहीशी झाली. सागाला जवस तेल पाजले, म्हणजे पुढच्या पावसाळ्यांची चिंता नको.

येथे एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. या गाडीचे नट-बोल्ट यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापातल्या बारीक आट्यांचे आहेत. आपल्याकडचा सहज मिळणारा मेट्रिक बोल्ट सुरुवातीला दोन आटे बसल्यासारखा वाटतो आणि मग तळातला नट कायमचा खराब करतो. पट्ट्या पातळ झाल्यामुळे मूळ बोल्टही लांब पडतात आणि तळाखाली टोक काढतात, जिथे चिखल लागून ते गंजतात. म्हणून योग्य आट्यांचे, कमी लांबीचे आणि चांगल्या प्रतीचे बोल्ट मागवूनच हे काम हाती घ्यावे. सीट हा अपघातात माणसाला धरून ठेवणारा भाग आहे. तिच्या बोल्टवर काटकसर करू नये.

डोक्याचा प्रश्न आता जवळजवळ सुटला होता, पण मांडी आणि स्टीअरिंग यांच्यातली फट वाढण्याऐवजी कमी झाली होती. सीट कलली की गुडघे वर येतात, कुशनवाल्यांनी सांगितले होते तसेच. माझ्या गाडीतले मूळ स्टीअरिंग साडेपंधरा इंचांचे आहे. त्याऐवजी १४ इंचांचे घेतले तर खालची कड पाऊण इंचाने वर जाते, आणि मांडीसाठी हे पाऊण इंच पुरेसे ठरते. स्टीअरिंगचे चाक सपाट घ्यावे की चालकाकडे पुढे आलेले, हा विचार मी बराच काळ केला. सपाट चाक मांडीपासून दूर जाते, परंतु सीट पूर्ण मागे असल्यामुळे हात फार ताणले जातात. पुढे आलेले चाक हातांना सोयीचे, पण मांडीला अडचणीचे. मी अगदी थोडे पुढे आलेले, कातड्याच्या आवरणाचे चाक निवडले. त्यासाठी योग्य बॉस, म्हणजे चाक दांड्याला जोडणारा मधला भाग, घ्यावा लागतो, आणि मूळ चाक काढण्याआधी गाडीची पुढची चाके सरळ ठेवून खूण करणे आवश्यक असते.

लहान चाकाची किंमतही मोजावी लागते. या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे सीताबर्डीच्या गर्दीत गाडी लावताना खांद्यांना चांगलाच व्यायाम होतो. वेगाच्या काट्याचा काही भागही चाकाच्या कडेआड जातो. धावत्या गाडीत मात्र स्टीअरिंग अधिक नेमके वाटते आणि मला ते मूळ चाकापेक्षा आवडू लागले आहे. स्टीअरिंगचा दांडा वर उचलण्याचा उपाय मला दोघा मिस्त्रींनी सुचवला होता. तो मी नाकारला. दांड्याच्या खालच्या टोकाला असलेला सांधा रॅकशी, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याशी, ठरावीक कोनात असतो आणि तो कोन बिघडला की स्टीअरिंग जड होते, अडकते, आणि झीज वाढते. चालण्यातल्या सुरक्षिततेला हात घालून बसण्याची सोय करणे मला मान्य नव्हते.

दाराच्या मुठीचा प्रश्न किरकोळ ठरला. काच पूर्ण खाली असताना मूठ पुढे न येता मागे वळलेली राहील, अशा रीतीने ती तिच्या खाचांवर फिरवून बसवली की गुडघा मोकळा होतो. पेडल एकमेकांच्या फार जवळ आहेत आणि उंच माणसाची पावलेही मोठी असतात. ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला लागू नये यासाठी मी पातळ तळव्याचे, अरुंद बूट याच गाडीसाठी ठेवले आहेत. क्लचच्या बाजूला डावे पाऊल विसावायला जागा अरुंद आहे, त्यामुळे डावा पाय मधल्या बोगद्याला टेकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, गिअरबॉक्सवरून येणारी धग त्या पायाला असह्य होते. कार्पेटखाली उष्णतारोधक पातळ थर घातल्याने ती बरीच कमी झाली. जाड थर घातला असता तर पायाची जागाच गेली असती. हीटरचे पाणी इंजिनाकडेच बंद करून टाकणे हा आपल्या हवामानात त्याहून गुणकारी उपाय आहे.

आरशाची रचना या गाडीत फार सुंदर आहे. समोरच्या काचेच्या मधोमध एक उभी सळई असते आणि आरसा तिच्यावर वर-खाली सरकतो. मामांच्या उंचीला तो जिथे होता, तिथे मला डावीकडचा रस्ता झाकून टाकत होता. रिक्षा आणि सायकली नेमक्या त्याच्या आड लपत. सीट खाली आल्यावर मी तो सळईच्या वरच्या टोकाला नेला आणि आता माझी नजर त्याच्या खालून जाते. काचेची पट्टीही डोळ्यांच्या वर गेली आहे. व्हरायटी चौकात सर्वांत पुढे थांबल्यावर उंचावरचा सिग्नल पाहायला पूर्वी मला काचेच्या वरून डोकावावे लागत असे. आता किंचित वाकले की तो दिसतो.

सुरक्षेचा विचार मी शेवटी लिहीत असलो तरी महत्त्वाने तो पहिला आहे. ज्याचे डोके समोरच्या काचेच्या कडेहून वर राहते, त्याने उघड्या टपाची गाडी रस्त्यावर काढू नये; गाडी उलटली तर ती कड हाच थोडाफार आधार असतो. दुसरी बाब सीट बेल्टच्या पट्ट्याची. पट्टा मागे ज्या ठिकाणी अडकवलेला असतो ते ठिकाण उंच माणसाच्या खांद्याहून बरेच खाली असते, त्यामुळे धक्का बसला की पट्टा छातीला मागे धरण्याबरोबर खांद्याला खालीही दाबतो आणि तो भार मणक्यावर जातो. सीट खाली आल्याने हा कोन सुधारला, पूर्णपणे बरोबर झाला असे मी म्हणणार नाही. सीटच्या पाठीवर डोक्याला टेकू असेल तर तो मानेशी न थांबता डोक्याच्या मागे पोचतो की नाही, हे पाहावे. माझ्या टेकूच्या दांड्या पुरत नव्हत्या, म्हणून त्याच व्यासाच्या, अधिक लांबीच्या दांड्या लेथवर करून घेतल्या.

सगळे जुळवून झाल्यावर चाचणीसाठी मनसरमार्गे रामटेकला जाऊन आलो. मी मुद्दाम टप चढवून निघालो. सपाट महामार्गावर डोके आणि टप यांच्यात दोन बोटांचे अंतर राहत होते, रामटेकजवळच्या गतिरोधकांवर ते एका बोटावर आले, पण टेकले नाही. परतताना टप उतरवला, कामठीपर्यंत न थांबता आलो, आणि उतरल्यावर ना पिंढरीत गोळा आला होता, ना मान आखडली होती. एकच त्रुटी जाणवली : कमरेच्या खालच्या भागात पाठ आणि सीट यांच्यामध्ये पोकळी राहते, कारण सीटची पाठ साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाचा बाक गृहीत धरून केलेली आहे. सध्या तिथे फोमची लहान उशी ठेवतो. पुढच्या वेळी रेक्झिन उसवले जाईल तेव्हा कुशनवाल्यांकडून तेवढा भाग आतूनच भरून घेणार आहे.

माझ्याहून उंच, म्हणजे बैठी उंची १०२-१०३ सेंटिमीटरपर्यंत असलेल्या चालकाला एवढ्या बदलांनी टप चढवून बसता येईल असे मला वाटत नाही; त्याने याच गाडीचे जीटी हे पक्क्या छताचे रूप आधी बसून पाहावे. मूळ स्टीअरिंग, जुन्या लाकडी पट्ट्या, लांब बोल्ट आणि कोरून काढलेला फोमसुद्धा मी कापडात बांधून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून ठेवला आहे. साडेपाच फुटांचा कोणी उद्या या गाडीचा मालक झाला, तर तासाभराच्या कामात त्याला मामांची बैठक जशीच्या तशी परत मिळेल.